बिरप्पाच्या नावाची पावती

कटक, ओडिशा
बुधवार, जेवणाची सुट्टी

तीर्थरूप बिरप्पा मामा,

तुमच्या आणि मामीच्या पायांवर भाचा तिप्पण्णा यानं कटकहून, म्हणजे तीन गाड्या बदलल्यावर जे गाव येतं तिथून, डोकं ठेवलेलं आहे असं धरून चालावं. इकडे सगळं ठीक आहे असं पहिल्या ओळीत लिहायचं असतं, म्हणून लिहितो. तुमच्या गुडघ्याचं कसं आहे, मामीच्या डोळ्यातलं पाणी थांबलं का, तांबडी शेळी व्याली का, हे सगळं विचारायचं होतं. पण विचारून उपयोग काय? वैष्णवी सांगत होती की नऊ दिवस झाले तुम्ही घरात कुणाशी बोलत नाही, भाकरी अर्धी मोडून तशीच ठेवता आणि ओट्यावर बसून नगरपंचायतीच्या हापिसाकडं बघत राहता. ज्यानं बोलायचंच सोडलंय त्याला तब्येत विचारणं म्हणजे बंद खिडकीपुढं रांग लावणं.

फोन तुम्ही उचलत नाही. माझाच नाही, कुणाचाच उचलत नाही, तेवढंच मनाला बरं वाटतं. म्हणून पत्र. सातवीत मास्तरांनी पत्रलेखन शिकवलं आणि त्यानंतर मी शाळाच सोडली, त्यामुळे तेवढं एक डोक्यात ताजं आहे. आपला देवाचा ढोल हापिसानं नेला, तो आता हापिसाच्या मालकीचा झाला, आणि तोच ढोल रोजावर येऊन वाजवाल का, याचा जवाब वसुलीच्या साहेबांनी तुमच्याकडं सोमवारपर्यंत मागितलाय, एवढं मला कळलं. त्याच्या आत हे पत्र पोचायला पाहिजे म्हणून स्पीड पोस्टानं टाकतोय. तुमची लेक तुम्हाला ते मोठ्यानं वाचून दाखवेलच. (वैष्णे, कंसात लिहिलेलं फक्त तुझ्यासाठी, ते मोठ्यानं वाचायचं नाही. आणि वाचताना शाळेतल्या बाईंसारखा आवाज काढू नको, मामाला वाटेल सरकारी कागदच आलाय.)

माझं म्हणाल तर मी गलाईच्या दुकानात टिकून आहे. साडेचार महिने झाले, हा माझा विक्रम आहे. आई म्हणते माझ्या पायाला भिंगरी आहे, अकलूजच्या डेअरीत दोन महिने, सोलापुरात चादरीच्या कारखान्यात पावणेतीन, पुण्यात हॉटेलात तर पगाराच्या दिवसापर्यंतसुद्धा थांबलो नाही. इथं काम असं, की सोनारांच्या दुकानातली झाडलोट आणायची, जाळायची, ॲसिडात घालायची आणि त्यातनं सोन्याचा कण काढायचा. दिवसभर दुसऱ्याचा केर चाळतो. बोटं पिवळी पडलीत, भंडारा उधळून आल्यासारखी, फक्त ही धुतली तरी जात नाहीत. खोकला आहे, पण तो सगळ्यांनाच आहे, त्यामुळे कुणी त्याला आजार म्हणत नाही.

आता मूळ गोष्टीला येतो. (वैष्णे, इथं थांब आणि मामाला पाणी दे.) मामा, तुमच्या नावावर दंड कसा चढला, हे तुम्हाला अजून कुणी सांगितलेलं नाही, कारण ते गावात कुणाला माहीतच नाही. माहीत आहे ते दोघांना. एक देव आणि एक मी.

तुम्हाला आठवत असेल, मामीचं पोटाचं ऑपरेशन नीट पार पडलं म्हणून तुम्ही देवाच्या नावानं मेंढा सोडला होता. वर्षभर तो कुणाच्याही दारात उभा राहायचा, कुणाचीही भाकरी खायचा आणि त्याला कुणी हाड म्हणायचं नाही. दिवाळीला मी गावी आलो तेव्हा जत्रेच्या आदल्या दिवशी तुम्ही म्हणालात, तिप्पण्णा, मेंढ्याला विहिरीवर धुऊन आण. मी धुतला. मामा, खरं सांगतो, धुतल्यावर तो इतका देखणा दिसायला लागला की मला वाटलं याचा एक फोटो पाहिजे. आणि माळकोंडीत फोटो काढायचा तर जागा एकच, स्टँडपुढचा सेल्फी पॉइंट. (गाव होतं तेव्हा तिथं उकिरडा होता. नगरपंचायत झाल्यावर तिथं ‘आय लव्ह माळकोंडी’ झालं, लव्हच्या जागी पत्र्याचा तांबडा बदाम, खाली हारीनं कुंड्या.) मी फोनचा कॅमेरा पुसेपर्यंत मेंढ्यानं सात कुंड्या संपवल्या. आठवी खाताना त्यानं वर बघितलं आणि त्या चकचकीत बदामात त्याला दुसरा मेंढा दिसला. आपल्या मेंढ्याला भाऊबंद कधीच आवडले नाहीत. चार पावलं मागं सरकला आणि त्यानं जी धडक दिली, त्यात ‘आय’ उभा राहिला, ‘माळकोंडी’ उभं राहिलं, मधला बदाम तेवढा गटारात जाऊन पडला.

वसुलीचे उदयसिंह साहेब तिथंच चहा पीत उभे होते. साहेब नवीन, दुसऱ्या जिल्ह्यातले, पावती पुस्तक सदा बगलेत. त्यांनी विचारलं, मेंढा कुणाचा? मी म्हणालो, बिरप्पाचा. मामा, याच्यात माझं काय चुकलं सांगा. बिरोबाला आपली म्हातारी माणसं बिरप्पाच म्हणतात, आणि त्याच देवाला नवस बोलून आजीला मुलगा झाला म्हणून तर तुमचंही नाव बिरप्पा. देवाच्या मेंढ्याचा मालक देव, हे माळकोंडीत शेंबडं पोरही सांगेल. पण साहेबांना कुठं ठाऊक! ते म्हणाले, आडनाव? मी म्हणालो, आडनाव लावत न्हाईत. त्यांनी तिथं रेघ मारली. राहणार? मी म्हणालो, देवळात. साहेब चिडले, म्हणाले, देवळात माणूस राहतो का, मागं की पुढं ते नीट सांग. मेंढा तोवर नवव्या कुंडीकडं निघाला होता, कासरा माझ्या हातातनं सुटत होता. मी म्हणालो, मागं लिहा की. त्यांनी लिहिलं: बिरप्पा, राहणार बिरोबा देवळामागं, माळकोंडी. देवळामागं घर एकच आहे, मामा. ते मी त्या वेळी ध्यानात घेतलं नाही. ज्याला घाई असते त्याला मागं आणि पुढं सारखंच.

(वैष्णे, इथं मामानं काही फेकून मारलं तर वाचायचं थांबवू नको. नेम चुकणारच, मी कटकला आहे.)

पावती पाचशेची होती. सात दिवसांत खिडकीवर भरायची. माझ्या खिशात पाचशे नव्हते असं नाही, होते. पण मी विचार केला, मेंढा देवाचा, पावती देवाच्या नावाची, मग मी मधे पैसे भरणारा कोण? (विचार केला असं लिहिलंय, पण तेव्हा मला दुसऱ्या दिवशी जत्रेत उडवायला पैसे पाहिजे होते, हेही तितकंच खरं.) मी देवळात गेलो, पावती बिरोबाच्या पायावर ठेवली, वर मूठभर भंडारा टाकला आणि म्हणालो, तुझं तू बघ. दुसऱ्या दिवशी जत्रा झाली. मेंढा पडला. तुम्ही रस्सा दोनदा मागून घेतलात आणि म्हणालात, देवाचा मेंढा चवीला येगळाच. म्हणजे गुन्हा ज्यानं केला त्याला आपण सगळ्यांनी मिळून पंगतीत संपवला. तिसऱ्या दिवशी मी गाडीत बसलो. पावतीचं पुढं काय झालं ते देवालाच ठाऊक, आणि त्यानं तर काहीच बघितलं नाही.

मार्चमध्ये वसुलीची धांदल सुरू झाली. साहेबांनी कुठल्या तरी शहरातली बातमी वाचली की थकबाकीदाराच्या दारात ढोल बडवला की तो लाजेनं पैसे भरतो. माळकोंडीत ढोल म्हटलं की तुम्ही. चारशे रुपये रोज. आधी तुम्ही नाही म्हणालात, हा देवापुढं वाजायचा ढोल हाय, लोकांची अब्रू काढायला न्हाय. मग मामीच्या गोळ्या संपल्या. मग तुम्ही देवाला कौल लावलात आणि देवानं उजवा दिला. (वैष्णे, हे वाचू नको. मला या देवाचा आता राग यायला लागलाय. उजवा देताना त्याच्या पायाशी माझी पावती होती की!)

आणि त्याच आठवड्यात दारावर तो पिवळा कागद डकवला गेला. तुम्ही बाहेर होता. मामीनं शिक्का फाटू नये म्हणून दाराला पाणी लावून कागद हळूच सोडवला, उन्हात वाळवला आणि तुम्हाला दिला, हापिसातनं आलाय म्हणाली. वैष्णवी सोलापुरात, शुक्रवार पेठेत मावशीकडं, परीक्षेला. घरात वाचणारं कुणी नाही. तुम्ही म्हणालात, ही कामाची आर्डर असंल. प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीच्या खिशात ठेवलात. अकरा दिवस तुम्ही स्वतःच्या जप्तीची नोटीस खिशात घेऊन दुसऱ्यांच्या दारात ढोल वाजवत हिंडलात आणि कुणी अडवलं की खिशावर हात मारून सांगत होता, सही-शिक्क्याचा कागद हाय. ज्यांना वाचता येत होतं ते कुणी वाचून सांगणार नव्हतेच, कारण तुमचा ढोल ऐकून ते सगळे कड्या लावून आत बसले होते.

बाराव्या दिवसाचं मी तुम्हाला काय सांगणार, तुम्ही तिथं होता. मी नव्हतो. पण मी ते इथं बघितलं. आमच्या शेठचा मुलगा फोन घेऊन आला, म्हणाला, हे तुझ्या गावाकडचं दिसतंय, बघ. एक म्हातारा एका दारात ढोल वाजवतोय. आतनं बाई पळत येते, तिला वाटतं देवाची पालखीच दारात आली, ती हातातला तांब्या समोर उभ्या असलेल्या साहेबाच्या बुटांवर ओतते, साहेब उडी मारतो, तोवर तिनं त्याच्या पांढऱ्या शर्टावर भंडाऱ्याची मूठ फेकलेली असते आणि ती ‘बिरोबाच्या नावानं चांगभलं’ म्हणून हात जोडून उभी. दुकानातले सगळे हसले. मामा, मीपण हसलो. पहिल्यांदा बघताना मीपण हसलो. मग मला ढोलाच्या दोरीचे निळे गोंडे दिसले, जे मीच दोन वर्षांमागं सोलापूरहून आणून बांधले होते, आणि मग मला कळलं की म्हातारा वाजवतोय ते दार त्याचंच आहे. सत्तर हजार लोकांनी ते बघितलंय. खाली कुणीतरी लिहिलंय, स्वतःच्या दारात वाजवतो, काय प्रामाणिक माणूस. तुम्ही प्रामाणिक म्हणून नाही वाजवलं, हे मला माहीत आहे. साहेब म्हणाले, वाजवा. तुम्ही म्हणालात, ह्ये तर माझंच दार हाय. साहेब म्हणाले, यादीत आहे, वाजवा. आणि अकरा दिवसांत तुमच्या हातांना सवय लागली होती.

भिजलेल्या बुटाचा राग वाईट. साहेब म्हणाले, जप्ती. घरात बघितलं तर टीव्ही बंद, पंखा सासरवाडीचा, कोंबड्या पळाल्या. आपला गुरप्पा, शिपायाचा क्लार्क झालेला, तुमच्याबरोबर लहानपणी गोट्या खेळलेला, तोच म्हणाला, साहेब, ढोल हाय की. तुम्ही ढोल पोटाशी धरलात आणि म्हणालात, ढोल माझा न्हाय, बिरप्पाचा हाय. मामा, दिवाळीत मी जे बोललो तेच तुम्ही बोललात, शब्दाला शब्द. गुरप्पानं साहेबांना समजावलं की बिरप्पा म्हणजे देव, यांचं नाव नुसतं त्याच्यावरून ठेवलंय. साहेब माणूस हुशार. ते म्हणाले, बरं, पावती कुणाच्या नावाची? बिरप्पाच्या. तुम्ही बिरप्पा असाल तर दंड तुमचा, ढोल तुमच्याकडं सापडला, न्यायचा. तुम्ही तो बिरप्पा नसाल आणि देव असेल, तर दंड देवाचा, ढोल देवाचा, मग तर न्यायलाच पाहिजे. उचला. यावर काय बोलायला पाहिजे होतं, ते मी तेव्हापासून शोधतोय. शिकलेल्या माणसाला सुचेल म्हणून वैष्णवीला विचारलं, ती रडायला लागली.

मी स्वस्थ बसलो असं समजू नका. गुरप्पाला रोज फोन केला. तो म्हणाला, पाचशेचे आता एकवीसशे चाळीस झालेत, उशिराचा दंड, नोटिशीचा खर्च, गाडीचं डिझेल, आणि वाजंत्री खर्च चारशे. मी विचारलं, वाजंत्री कोण? तो म्हणाला, बिरप्पाच की. म्हणजे तुमच्या दारात ढोल बडवल्याची तुमची मजुरी तुमच्याच नावावर पडली. ती तुम्हाला मिळाली का, तर नाही, कारण थकबाकीदाराचं बिल काढता येत नाही. शिवाय कोठाराचं भाडं, चौरस फुटावर. ढोल गोल आहे म्हणालो, तर गुरप्पा म्हणाला, गोल मोजायचा रकानाच न्हाय.

मी शेठकडनं उचल घेतली आणि फोनवरनंच पैसे भरायला गेलो. तिथं आधार कार्ड मागतात. तुमच्या आधारवर त्या मशीनवाल्या पोरानं ‘बीराप्पा’ करून ठेवलंय, पावतीवर ‘बिरप्पा’. तीनदा केलं, तीनदा एकच उत्तर: नाव जुळत नाही, व्यक्ती वेगळी आहे. गुरप्पाला म्हणालो, अरे, ढोल उचलताना दोन्ही बिरप्पा एक होते, आता पैसे घेताना दोन कसे झाले? तो म्हणाला, तिप्पण्णा, ढोल माणसांनी उचलला, पैसे कॉम्प्युटर घेतोय. मग नाव बदलायचा अर्ज, अर्जाला रहिवासी दाखला, दाखल्याला थकबाकी नसल्याचा दाखला. इथं मी फोन ठेवला. भिंतीवर आपटणार होतो, पण हप्ता बाकी आहे.

आणि लिलाव झाला. तुम्ही पायरीवर बसून होता म्हणे सकाळपासून. दोन हातगाडे गेले, एक शिलाई मशीन गेलं, कुणाची तरी लोखंडी खाट गेली. ढोलाची बोली नऊशेपासून होती, ती कुणी लावेना. देवाचा ढोल घरी न्यायचा कुणी! तुम्हाला बोली लावायची परवानगी नव्हती, थकबाकीदार. गावानं भक्ती दाखवली, मामा, सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि एकानंही हात वर केला नाही. एकानं जरी नऊशे रुपये टाकून घेतला असता आणि संध्याकाळी तुमच्या ओट्यावर आणून ठेवला असता तर देव काय त्याला खाणार होता? पण भ्यायला देव सोपा पडतो. शेवटी हापिसानंच तो स्वतःच्या नावावर ठेवून घेतला आणि कुणी चोरू नये म्हणून दोन्ही पानांवर, म्हणजे थेट कातड्यावर, पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर टाकला. तुम्ही जवळ गेलात, बोटानं एकदा टिचकी मारलीत, आवाज ऐकलात आणि घरी आलात. तेव्हापासून गप्प. आजोबांनी कातडं आठ दिवस भिजवून, स्वतःच्या हातानं केसं काढून मढवलेला ढोल. त्यावर रंग चढला की तो कसा बोलतो, ते तुम्ही एका टिचकीत ओळखलंत. मी विचारणार नाही.

आता साहेबांचा निरोप आलाय की ढोल आहे, पण वाजवणारा नाही, तरी बिरप्पानं यावं, चारशे रोज, मागची चूक माफ. मागची चूक! मामा, मी तर म्हणतो जाऊ नका. सोमवारी त्यांनी विचारलं तर तोंडावर नाही म्हणा. आजोबांनी ज्या ढोलावर पालखी नाचवली तो असल्या कामाला वाजवण्यापेक्षा फुटलेला बरा. आणि मी आजच साहेबांना लिहून देतो की मेंढा तिप्पण्णानं नेला होता, नाव तिप्पण्णानं सांगितलं, पावती तिप्पण्णानं घेतली, जे काय असेल ते माझ्या नावावर चढवा आणि म्हाताऱ्याचा ढोल म्हाताऱ्याला द्या. सही करून, अंगठाही उठवून. (पिवळ्या बोटाचा ठसा उमटतो का बघतो.) तुम्ही तेवढी भाकरी पुरी खात जा. रागच असेल तर माझ्यावर काढा, फोन उचला आणि शिव्या द्या, तुमच्या शिव्या ऐकून सहा महिने झाले.

थोरांना नमस्कार, धाकट्यांना जे योग्य ते. सुट्टी संपली, भट्टीवर बोलावतायत.

तुमचाच गुन्हेगार भाचा,
तिप्पण्णा

ता. क. पाकीट बंद करायच्या आधी गुरप्पाला पुन्हा फोन लावला होता. साहेबांना कबुली लिहून देतो म्हणालो. तो म्हणाला, दे, पण मग नवी पावती तुझ्या नावाची निघंल आणि जप्ती तुझ्या घरावर येईल, आणि जुनी पावती रद्द करायची सोय न्हाय, त्यामुळं ढोल काय परत येत न्हाय. माझं घर म्हणजे आईच्या दोन शेळ्या आणि तिची शिलाईची पेटी. म्हणून कबुली लिहिलेली नाही. लिहिली होती, फाडली. तुम्ही हसणार नाही हे माहीत आहे, पण रागावू नका.

ता. क. दुसरं. वर जे लिहिलंय की जाऊ नका, तोंडावर नाही म्हणा, ते खोडायला पाहिजे होतं, पण पान खराब झालं असतं. मामा, जा. सोमवारी हो म्हणा. तुम्ही नाही म्हणालात तर पंढरपूर रोडचा डीजेवाला घेणार आहेत, गुरप्पानं सांगितलं. त्याला पाचशे देणार आहेत. त्याच्या स्पीकरला कुणाचं घर कुठलं, कोण आजारी, कुणाच्या घरात मयत झालीय, काही कळत नाही.

ता. क. शेवटचं. (वैष्णे, हे कंसात नाही, हे हळू वाच, पण वाच.) पुढच्या यादीत चौदावं नाव आईचं आहे. तिला माहीत नाही. मी दिवाळीत माझी फटफटी चार दिवस हापिसाच्या फाटकाशी लावून गेलो होतो, त्याचे दोनशे होते, घर तिच्या नावावर म्हणून तिच्यावर पडले, त्याचे आता आठशे वीस झालेत. तुमच्या दंडासाठी घेतलेली उचल भरली गेली नाही, ती मी इथंच उडवली, तिला पाठवायला या महिन्यात काही नाही. ढोल कुणीतरी वाजवणारच. तेव्हा तुम्हीच या. जमलं तर दुपारी या, ती शेळ्या घेऊन ओढ्याला गेलेली असते. घरात असली तर डाव्या बाजूनं वाजवा, त्या कानाला तिला कमी येतं. आणि साहेब आता नाव पुकारायचं कामही ढोलवाल्याकडंच देतात म्हणे. तेव्हा दारात उभं राहून ‘थकबाकीदार गोजरबाई’ असं म्हणू नका, मामा. तुम्ही तिला लहानपणापासून जे म्हणता तेच म्हणा. अक्का म्हणा.